आय-७ म्हणजे आय-५ पेक्षा वेगवान, हा गैरसमज
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घेताना कीबोर्डशेजारचा, इंटेलच्या प्रोसेसरची (लॅपटॉपच्या मुख्य चिपची) मालिका सांगणारा ‘आय-७’ स्टिकर पाहूनच तो आय-५ पेक्षा वेगवान असल्याचे अनेक जण धरून चालतात. हे खरे नाही. इंटेलच्या २०२२ मधील आय-७ १२५५यू प्रोसेसरमध्ये १० कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग) असून त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे, तर आय-५ १२५००एच मध्ये १२ कोअर व ४५ वॅट आहेत. त्यामुळे व्हिडिओ एक्सपोर्टसारख्या, सगळे कोअर बराच वेळ राबवणाऱ्या कामात, लॅपटॉप नीट थंड राहत असेल तर, आय-५ च पुढे राहतो. म्हणून प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर आधी वाचावे: यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा. पत्रे, एक्सेल आणि रोजचा लोकलप्रवास एवढेच असेल, तर यू मालिकेतला हलका आय-५ पुरतो. वाचलेले पैसे १६ जीबी रॅमवर घालावेत, कारण अनेक पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डलाच (मुख्य सर्किट बोर्डला) कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही.