काखेतला कळसा दिसत का नाही?

मागच्या वर्षी बाबांच्या एका एफडीची मुदत संपली आणि बँकेने मूळ पावती मागितली. बाबा कागदांच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणजे एकही कागद टाकायचा नाही याबाबतीत काटेकोर. तीन फायली, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, देवघराखालचा खण आणि माळ्यावरची एक जुनी सूटकेस, एवढा मुलूख पालथा घालायचा होता. दोन रविवार त्यात गेले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पावती सापडली ती पहिल्याच फायलीत, 2011 सालच्या एका वीजबिलाला चिकटलेली. ती फाईल मी आधी दोनदा चाळली होती.

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा,’ आई म्हणाली. ही म्हण आपण कुणाला तरी वेंधळं ठरवण्यासाठी वापरतो. पण डोळे आणि मेंदू वस्तू कशा शोधतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ माझी बाजू घेतील असं मला वाटतं.

एक साधं गणित आहे. पन्नास गोष्टींच्या ढिगात हवी ती एक गोष्ट असेल, तर सरासरी निम्मा ढीग बघितल्यावर ती सापडते. ती त्या ढिगात नसेलच, तर मात्र सगळा ढीग बघावा लागतो. दृष्टिशोधाच्या प्रयोगांमध्ये जवळपास हेच दिसतं. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी 1980 साली मांडलेल्या प्रसिद्ध प्रयोगांत लोकांना पडद्यावरच्या अनेक आकृत्यांमधून रंग आणि आकार दोन्ही जुळणारी एक आकृती शोधायची होती. आजूबाजूच्या आकृत्या वाढवल्या की वेळ त्याच प्रमाणात वाढत गेला, आणि शोधायची आकृती पडद्यावर नसेल तेव्हा प्रत्येक जादा आकृतीमागे साधारण दुप्पट वेळ लागला. पडद्याला निदान चार कडा असतात. घरातल्या ढिगाला नसतात. ‘या खणात नाही’ हे खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून आपण तोच खण पुन्हा उघडतो.

पण मग दोनदा चाळूनही पावती दिसली का नाही? याचं उत्तर जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ‘नेचर’मध्ये दिलं. त्यांनी लोकांना रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या गर्दीत एखादं हत्यार, म्हणजे हातोडा, पाना असं काही, शोधायला सांगितलं. दर दोन चित्रांपैकी एकात हत्यार असेल तेव्हा लोकांच्या नजरेतून ते सुमारे 7 टक्के वेळा निसटलं. पण शंभर चित्रांतून एकाच चित्रात हत्यार ठेवलं, तेव्हा निसटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, हत्यारं तीच. फक्त ‘नाही, नाही, नाही’ असं म्हणायची मेंदूला सवय लागली. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांची अडचण समजावी म्हणून हा प्रयोग झाला होता, पण माझ्या बाबांच्या फायलीलाही तो अगदी चपखल बसतो. तीनशे निरुपयोगी कागद उलटताना बोटं चालत राहिली आणि नजर केव्हाच पुढे निघून गेली. जुन्या बिलांनी फक्त जागा अडवली नव्हती, त्यांनी माझे डोळे बिघडवले होते.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे आहेत हे फार बरं आहे. पसारा म्हणजे वापरातल्या वस्तू भलत्या जागी पडलेल्या. अडगळ म्हणजे वापरात नसलेल्या वस्तू ठाण मांडून बसलेल्या. पसारा एका तासात आवरता येतो. अडगळ आवरत नाही, ती काढावी लागते, आणि काढायची तर प्रत्येक वस्तूबद्दल काहीतरी ठरवावं लागतं. दोघांची किंमतही वेगवेगळ्या खात्यातून वळती होते.

पसाऱ्याची किंमत लक्षातून जाते. आपल्या नजरेच्या टप्प्यात एकाच वेळी अनेक गोष्टी असतील, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्या एकमेकींचा आवाज दाबतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांनी हे मेंदूच्या एफएमआरआय चित्रणातून, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो हे दाखवणाऱ्या तपासणीतून, पाहिलं. या विषयावरच्या लेखांत त्यांचा 2011 सालचा शोधनिबंध ‘पसाऱ्याने लक्ष विचलित होतं’ एवढ्यावरच उरकतात. त्यातली खरी गंमत पुढे आहे. समोरच्या आकृत्या एखाद्या गटात बसतात असं दिसलं, की त्यांची आपसातली चढाओढ कमी होते आणि लक्ष एकवटायला मेंदूला कमी जोर लावावा लागतो. म्हणजे प्रश्न वस्तू किती आहेत एवढाच नाही, त्या नजरेला एक म्हणून दिसतात की अनेक म्हणून, हाही आहे. फडताळात एका रांगेत लावलेले बारा सारखे डबे म्हणजे नजरेसाठी एक रांग. ओट्यावर विखुरलेल्या बारा बरण्या म्हणजे बारा जणांचा कलकलाट. आजीच्या स्वयंपाकघरातली पितळी डब्यांची उतरंड उगाच शांत वाटायची नाही.

या कलकलाटाचा शरीरावर काही परिणाम होतो का? लॉस एंजेलिसमध्ये 2001 ते 2005 या काळात संशोधकांनी 32 कुटुंबांच्या घरात जाऊन, कॅमेरे घेऊन, वस्तू अक्षरशः मोजल्या. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी, मुलंबाळं असलेली मध्यमवर्गीय कुटुंबं. पहिल्याच घरातल्या तीन खोल्यांत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू 2,260 भरल्या, आणि त्यात कपाटाच्या आतलं काही धरलं नव्हतं. चारांपैकी तीन गॅरेजमध्ये गाडी शिरतच नव्हती. याच प्रकल्पातून डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी 30 जोडप्यांची लाळ तपासून त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरतं. आपलं घर दाखवताना ज्या बायकांच्या बोलण्यात ‘पसारा’, ‘अर्धवट राहिलंय’ अशा गोष्टी जास्त आल्या, त्यांचं कॉर्टिसॉल संध्याकाळपर्यंत हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही.

यावरून ‘पसाऱ्यामुळे ताण येतो’ असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ताणातल्या माणसालाच घर पसरलेलं दिसत असेल, हेही शक्य आहे. आणि घर आवरणं ही आपली जबाबदारी आहे असं ज्याला लहानपणापासून शिकवलंय त्यालाच पसारा दिसतो, ही शंका मला या आकड्यांपेक्षा जास्त छळते. सोफ्यावरचा ओला टॉवेल माझ्या नवऱ्याला खरोखर दिसत नाही. तो नाटक करत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

आता अडगळ. तिची एक किंमत कुणीही काढू शकेल. समजा तुमच्या भागात चौरस फुटाला 10,000 रुपये दर आहे. चार फूट बाय दोन फुटांचं एक कपाट न वापरलेल्या वस्तूंनी भरलेलं असेल, तर 80,000 रुपयांची जमीन तुम्ही फुटलेल्या मिक्सरच्या नावावर केली आहे, आणि कदाचित त्यावर गृहकर्जाचा हप्ताही चालू आहे. तरी आपण म्हणतो, ‘असू दे, लागेल कधीतरी.’

या ‘असू दे’मागे कंजूषपणा नसतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि कितीला विकाल असं विचारलं. इतरांना मग किंवा पैसे यांपैकी काहीही निवडायची मुभा दिली. निवडणाऱ्यांच्या लेखी मगाची किंमत सुमारे 3 डॉलर होती. हातात मग असलेल्यांनी मागितले सुमारे 7 डॉलर. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या, कुठलीही आठवण न चिकटलेल्या मगाचं हे होतं, तर डोहाळजेवणातल्या साडीचं काय होईल?

ते काय होतं हे दारात बोहारीण आली की कळतं. ‘पाच साड्या आणि दोन पॅंटींवर एवढंसं पातेलं?’ हा संवाद ज्या घरात झाला नाही असं घर माझ्या लहानपणी आळीत नव्हतं. आई साडीची किंमत आठवणींसकट लावायची, बोहारीण कापडाची लावायची. जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या चित्रांची कार्डं विकणाऱ्या-घेणाऱ्यांवर प्रयोग करून 2003 साली दाखवलं, की देवघेवीत मुरलेल्या लोकांवर मालकीच्या मोहाचा परिणाम कमी होतो. बोहारणीला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय तिने आणखी एक कोडं सोडवलेलं होतं. टाकून देताना काहीतरी गमावल्यासारखं वाटतं, पण बदल्यात चकचकीत डबा आला की तोच व्यवहार मिळकतीचा होतो. माझा एक आक्षेप इतकाच, की जुनी साडी गेली तरी त्या जागी डबा येऊन बसायचा.

अडगळीची सगळ्यात महाग वसुली मात्र गॅलरीत, गच्चीवर आणि जिन्याखाली होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला थोडंसं स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. टायर, फुटकी बादली, कुंडीखालची ताटली, उघडं पडलेलं थर्माकोल. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालते. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातला एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे साचलेलं पाणी काढून टाकायचा दिवस, पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते याच हिशेबाने. मुंबईत महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं टायर आणि भंगार उचलत फिरतात, तीही याचसाठी. मात्र नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, भांड्याची कड घासावी लागते. जे भांडं आपल्याला लागतच नाही ते दर आठवड्याला कोण घासणार?

आवरायचं कसं, याचं मला पटलेलं उत्तर ‘सगळं टाका’ हे नाही. भोसरी, सातपूर, वाळूजच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही ‘फाईव्ह एस’ माहीत असतं. जपानी कारखान्यांतून आलेली ही शिस्त: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, साफ करा, ते सगळीकडे सारखं ठेवा आणि ही सवय मोडू देऊ नका. भिंतीवर पाट्या लावण्यापुरती ती पुष्कळ ठिकाणी उरते, पण तिच्यातल्या दोन युक्त्या अस्सल आहेत. एक म्हणजे शॅडो बोर्ड. फळीवर प्रत्येक पान्याची, पक्कडीची बाह्यरेषा रंगवलेली असते. पाना जागेवर नसेल तर रिकामी रेषा लांबूनच दिसते. वर जे दुप्पट वेळेचं सांगितलं, नसलेली वस्तू शोधण्याचं, ते इथे एका फटक्यात संपतं, कारण ‘इथे नाही’ हे शोधावं लागत नाही. ते आपणहून दिसतं.

आपल्याकडे ही युक्ती केव्हाची आहे. मिसळणाचा डबा आठवा. सात वाट्या, मोहरीची जागा ठरलेली, हळदीची ठरलेली, आणि हिंग संपलाय हे झाकण उघडताच कळतं. फोडणी करपायला लागली असताना कुणी मोहरी शोधत नाही. घरात आणखी कशाकशाला असा डबा करता येईल? किल्ल्या, औषधं, चार्जर आणि महत्त्वाचे कागद एवढ्यांना केला तरी शोधाशोधीचा मोठा भाग मिटतो.

दुसरी युक्ती लाल चिठ्ठीची. यंत्राजवळ पडलेल्या ज्या वस्तूबद्दल ठरत नाही तिला लाल चिठ्ठी लावून, तारीख घालून वेगळ्या जागी नेतात. ठरलेल्या मुदतीत कुणी ती मागितली नाही तर ती जाते. घरी खोक्यावर तारीख लिहून हेच करता येतं. निर्णय आज घ्यायचा नसतो, आणि खोकं उघडावं लागलं नाही हाच पुढे पुरावा होतो.

टेबलावरच्या कागदांच्या ढिगावर मात्र उगाच दात धरू नका. थॉमस मॅलोन यांनी 1983 साली कचेऱ्यांतली टेबलं पाहून लिहिलं, की ढीग नुसता साठा नसतो, काय करायचं राहिलंय याची आठवणही तो करून देतो. स्लीटर आणि टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी 1985 साली सिद्ध केलं, की वापरलेली वस्तू दर वेळी यादीच्या सुरुवातीला ठेवत गेलं, तर शोधण्याचा एकूण खर्च सर्वोत्तम मांडणीच्या फार तर दुप्पट होतो, आणि ती सर्वोत्तम मांडणी पुढे काय लागणार हे आधीच माहीत असणाऱ्याची असते. वरून बघायचं, वापरलं की वर ठेवायचं. ढीग एकच हवा, ही अट.

काहींना हे कशानेच जमत नाही, आणि ते आळशी नसतात. ‘होर्डिंग डिसऑर्डर’ला 2013 पासून मनोविकारांच्या अमेरिकन सूचीत स्वतंत्र जागा आहे. डेव्हिड टोलिन यांच्या 2012 सालच्या अभ्यासात अशा रुग्णांना स्वतःकडे आलेली जाहिरातपत्रं ठेवायची की फाडायची हे ठरवायला सांगितलं, तेव्हा मेंदूचे निर्णयाशी निगडित दोन भाग वाजवीपेक्षा फार जास्त पेटून उठले. दुसऱ्याची पत्रं समोर आली तेव्हा तेच भाग थंड. अशा माणसाच्या माघारी त्याचं घर ‘साफ’ करणं ही मदत नसते, तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो.

बाबांचं तसं काही नाही. आता त्यांच्याकडे एकच फाईल आहे, बारा कप्प्यांची, आणि प्रत्येक कप्प्यावर आत काय असायला हवं ते त्यांच्याच अक्षरात लिहिलंय. एफडीचा कप्पा सध्या रिकामा आहे आणि तो रिकामा आहे हे मला दारातून दिसतं. 2011 चं वीजबिल टाकू द्यायला ते अजून तयार नाहीत. ते एका खोक्यात ठेवलंय, खोक्यावर पुढच्या दिवाळीची तारीख आहे, आणि बाबा अधूनमधून तिच्याकडे संशयाने बघतात.