नेट जातं म्हणजे नेमकं काय जातं?

नवतपा (मे अखेरीचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागला आणि नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घरचं नेट दिवसातून दोनदा जाऊ लागलं. दुपारी दीड-दोनच्या सुमारास, आणि रात्री आठनंतर. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाईनवाला मुलगा यायचा. तेव्हा सगळं सुरळीत असायचं. तो राउटर बंद करून चालू करायचा आणि "आता बरोबर आहे काकू" म्हणून निघून जायचा. एकदा तर त्याने राउटरच बदलून दिला. दुपारी पुन्हा तेच.

मग मी फ्रिजवर एक वही ठेवली. नेट गेलं की वेळ लिहायची, राउटरवरचे कोणते दिवे लागले आहेत ते लिहायचं, कोणत्या खोलीत गेलं तेही लिहायचं. चार दिवसांत दोन पानं भरली. ती वाचताना दिसलं की दुपारचं जाणं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. दुपारी राउटरचे सगळे दिवे विझायचे आणि एकेक करून पुन्हा लागायचे. रात्री दिवे जसेच्या तसे हिरवे, पण मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपवरून वायफायची खूणच नाहीशी व्हायची.

आपल्या घरापर्यंत नेट येतं ते प्रकाश होऊन, काचेच्या तारेतून. राउटर त्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. शेवटचे दहा-वीस फूट रेडिओलहरी तोलून धरतात. यातलं काहीही तुटलं तरी मोबाईलवर दिसतं ते एकच, गोल फिरणारं चक्र. म्हणून नेट गेल्या गेल्या राउटर बंद-चालू करायची सवय मला घातक वाटते. त्याने नेट कदाचित येईल, पण ते का गेलं याचा पुरावा पुसला जातो. आधी अर्धा मिनिट फक्त दिव्यांकडे बघावं. सगळे विझले तर विजेचा प्रश्न. 'एलओएस'चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे संकेत हरवल्याचा) दिवा लाल झाला तर बाहेरून प्रकाश येत नाही. सगळे हिरवे असून फक्त एका खोलीत अडचण असेल तर वायफाय.

दिवे हिरवे असूनही घरभर नेट नसेल तर 'पिंग' कामाला येतं. हा छोटासा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या 'सोनार' यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. एक हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. लॅपटॉपवर कमांड लिहायच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या घरातल्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर असतो तो) आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत हाक मारत राहायचं. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प झालाय, तर दोष घराबाहेरच्या वाटेवर. राउटरही गप्प झाला, तर दोष घरातच आहे.

आमचा दुपारचा दोष घरातच होता. राउटर टीव्हीच्या कपाटात, काचेच्या दारामागे, पश्चिमेच्या भिंतीला लागून. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंश सेल्सियस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, आणि बंद कपाटात राउटरची स्वतःची उष्णता त्यात मिळते. पण राउटर तर नवा होता. मग विझत का होता? लाईनवाल्या मुलाने राउटर बदलला, ॲडॅप्टर मात्र जुनाच लावून ठेवला होता.

ॲडॅप्टर घरातली २३० व्होल्टची वीज घेतो, तिचे तुकडे करतो आणि १२ व्होल्टचा सलग प्रवाह राउटरला देतो. ही सलगता कपॅसिटरमुळे येते. नळाला पाणी थांबत थांबत आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात एकसारखी धार पडते, तसंच ते काम. या कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ज्या ॲडॅप्टरने थंड जागी आठ वर्षं काढली असती, तो २० अंश जास्त तापलेल्या कपाटात दोनच वर्षं टिकेल. टाकी लहान होत जाते. घरात कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली, राउटरने जास्त वीज ओढली, की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि राउटर नव्याने सुरू होतो. साध्या मल्टिमीटरला हा क्षणभराचा खड्डा दिसत नाही, तो १२ व्होल्ट छान दाखवतो. त्यामुळे खात्रीचा उपाय एकच, दुसरा ॲडॅप्टर लावून बघणे. सीताबर्डीहून नवा आणला आणि राउटर कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवला. दुपारच्या नोंदी थांबल्या. (व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची धन-ऋण बाजूही जुळवून घ्यावी.)

रात्रीच्या दोषाचं कारण सापडायला वहीतला आणखी एक रकाना लागला: कूलर कुठे आहे? दुपारी सगळे हॉलमध्येच, म्हणून कूलर हॉलच्या खिडकीशी. रात्री तो ओढून मागच्या खोलीच्या दारात, आत तोंड करून. पत्र्याचा डबा, तळाला भरपूर पाणी, तिन्ही बाजूंना ओली वूडवूल. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये दार ही एकच मोकळी वाट होती आणि तीच आम्ही बुजवत होतो.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. पत्र्यावर आपटून त्या मागे फिरतात आणि पाण्यात शिरल्या तर काही सेंटिमीटरांत बहुतेक संपतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळजवळ याच, २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतो. पाण्याचा रेणू नेमक्या याच वारंवारतेला सर्वाधिक शोषतो, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. साध्या तापमानाला पाण्याचं शोषण सर्वाधिक होतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४५ ला शोषण मध्यम असल्यामुळेच उष्णता पदार्थाच्या थोडी आत पोचते. वायफायला अडवायला मात्र हे मध्यम शोषणही पुरतं. वायफायचा दुसरा, पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि कमी गर्दीचा असतो, पण भिंत आणि पाणी त्याला आणखी जास्त अडवतात, म्हणून मागच्या खोलीसाठी त्याचा उपयोग झाला नाही. राउटर कूलरच्या डोक्यावरून बघेल इतक्या उंच, दारासमोरच्या भिंतीवर लावला. दोष गेला.

जूनच्या पहिल्या वादळात वहीत तिसऱ्या प्रकारची नोंद झाली: दुपारी तीन वीस, लाल दिवा.

आता प्रश्न काचेचा होता. घरापर्यंत येणाऱ्या तारेतला काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. प्रकाश गाभ्याच्या काठावर तिरका आदळून पुन्हा पुन्हा आत परततो आणि असाच पुढे जात राहतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या इंजिनिअरांनी मांडलं की काचेतून प्रकाश दूर जात नाही याचा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. काओंना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज किलोमीटरभर काचेतून ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश पार होतो. मधे खरं वाटप करतो तो स्प्लिटर. एका तारेचा प्रकाश तो बत्तीस घरांत वाटतो, म्हणजे पाचदा निम्मा करतो. बत्तीसही घरं परतीचा संदेश एकाच तारेवर पाळीपाळीने पाठवतात. एखाद्या घरातला बिघडलेला राउटर पाळी सोडून प्रकाश टाकत राहिला तर बाकीच्यांचंही नेट जातं. म्हणून शेजारी विचारून घ्यावं. आमच्या शेजारच्या काकूंचं नेट चालू होतं. म्हणजे दोष फक्त आमच्या तारेत.

लाईनवाल्या मुलाने तारेतला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला. "पॉवर लो येऊन राहिली काकू, उणे एकोणतीस." हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाच्या ताकदीच्या मापात असतो. दर तीनने खाली गेला की प्रकाश निम्मा, दहाने गेला की दहावा भाग. साधारण उणे सत्तावीसच्या खाली राउटरला शून्य आणि एक ओळखणं कठीण होतं. त्याने घराच्या बाजूने तारेत पेनसारख्या टॉर्चमधला लाल प्रकाश सोडला आणि आम्ही गच्चीवर गेलो. कडुनिंबाची फांदी पडून कठड्याजवळची जॉइंटची डबी लोंबली होती. झाकण काढलं तर आत एका जागी काच मुडपलेली, आणि नेमकी तिथेच लाल ठिणगीसारखी चमकत होती. इतक्या तीव्र वळणावर प्रकाश काठावर पुरेसा तिरका पडत नाही, तो बाहेर निघून जातो.

त्याने मुडपलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं स्पिरिटने पुसली आणि यंत्रात समोरासमोर ठेवली. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा कणही डोंगर ठरतो, म्हणून टोकांना बोट लावू देत नाहीत. विजेची एक ठिणगी पडली आणि काच काचेत वितळली. उरलेली तार डबीत मोठ्या वेटोळ्यांत ठेवून त्याने झाकण लावलं. मीटरवर उणे १९ आलं. तारखेसह तो आकडा राउटरच्या बाजूला चिकटवून ठेवला आहे, पुढच्या वेळी पडताळायला.