बोट डोलायला लागते तेव्हा

ताशी नव्वद-शंभर किलोमीटरपर्यंत बास बोट, म्हणजे मासेमारीच्या स्पर्धांतली वेगवान मोटरबोट, सरळ धावत असते. थ्रॉटल (वेग वाढवणारं पेडल) आणखी थोडा दाबला की ती डावी-उजवीकडे हलकेच कलू लागते. पुढचा हेलकावा जरा मोठा, त्यापुढचा त्याहून मोठा. नवशिका घाबरून स्टिअरिंग फिरवतो आणि डोलणं शमण्याऐवजी भडकतं. याला 'चाइन वॉक' म्हणतात. बोट वेगाने चालवायला शिकणं म्हणजे मुख्यतः हे डोलणं ओळखायला शिकणं, असं माझं मत आहे.

बास हा गोड्या पाण्यातला मासा. अमेरिकेत त्याच्या गळमासेमारीच्या मोठ्या स्पर्धा होतात आणि भल्या सकाळी सगळ्यांच्या आधी आपल्या आवडत्या जागी पोहोचण्याची तिथे चढाओढ असते. लुइझियाना राज्यात होम्स थर्मंड यांनी १९४८ साली बांधलेली 'स्कीटर' ही पहिली बास बोट मानली जाते. आजच्या वीस-एकवीस फुटी फायबरग्लास बोटीच्या पाठीवर २५० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन असतं आणि ती ताशी ११० किलोमीटरच्या पुढे सहज जाते.

हा वेग येतो पाण्याबाहेर निघाल्यामुळे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. जितका तळ भिजलेला, तितका अडथळा मोठा. पण धावत्या तळावर पाणी जो वरचा रेटा देतं तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की तेवढंच वजन उचलायला साधारण चौथाई तळ पुरतो. म्हणून या बोटींचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असला, तरी मागच्या बाजूला मधोमध एक अरुंद सपाट पट्टी ठेवलेली असते. तिला 'पॅड' म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळजवळ फक्त या पट्टीवर आणि प्रोपेलरवर धावते.

गोम इथेच आहे. संथ वेगात तळाच्या दोन्ही उतरत्या बाजू पाण्यात असतात. बोट कलली की खाली गेलेली बाजू जास्त रेटा घेते आणि ती परत सरळ होते. पॅडवर आल्यावर हा आधार सुटतो. बोट डावीकडे कलते, डावी बाजू पाण्यावर आपटते, पाणी तिला वर ढकलतं, ती मध्य ओलांडून उजवीकडे पडते. त्यात प्रोपेलरची भर: मागून पाहता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर त्याची प्रतिक्रिया बोटीला डावीकडे कलवते. चालकाची जागा उजवीकडे असल्यामुळे त्याच्या वजनाने याची थोडी भरपाई होते.

आणि चालक? कललेलं जाणवून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात ११० च्या वेगाने बोट साडेसात मीटर पुढे गेलेली असते आणि उलट्या बाजूला झुकू लागलेली असते. उशिरा दिलेला तो झटका हेलकाव्याला रोखत नाही, त्याच्याच दिशेने धक्का देतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर उशीर आणखी वाढतो. म्हणून वेगाचा सराव करण्याआधी इंजिन हाताने डावी-उजवीकडे हलवून ढिलाई तपासलीच पाहिजे.

अनुभवी चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. थ्रॉटल पायाखाली असतो आणि इंजिनाचा कल बदलणारा ट्रिमचा खटका हाताच्या बोटांपाशी. बोट पडायला लागण्याच्या क्षणीच तो अगदी बारीकशी दुरुस्ती करतो, बघणाऱ्याला ती दिसतही नाही. हे पुस्तक वाचून येत नाही. शांत पाणी, मोकळा पट्टा आणि शेजारी जाणता माणूस हवा. वेग थोडा थोडा वाढवायचा. डोलणं सुरू झालं की थ्रॉटल हळूच सैल करायचा, ट्रिम थोडा खाली घ्यायचा आणि बोट स्थिर झाल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा. थ्रॉटल एकदम सोडणं सर्वांत घातक: नाक खाली येऊन पाण्यात रुततं, मागचा भाग मात्र वेगातच असतो. कललेल्या अवस्थेत हे घडलं तर बोट गर्रकन फिरून माणसं बाहेर फेकली जातात.

ट्रिम जास्त वर गेला तर नाक वर-खाली उसळू लागतं आणि समोरचा वारा तळाखाली शिरतो. वळणाआधी मात्र वेग कमी करून ट्रिम खाली घ्यायचा, म्हणजे तळ पाण्यात बसून पकड मिळते.

चालक बाहेर फेकला गेला आणि इंजिन चालूच राहिलं, तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते. यासाठी इंजिन बंद करणारी दोरी असते: एक टोक बटणाला, दुसरं चालकाला. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांपेक्षा लहान बोटींमध्ये ही यंत्रणा बसवलेली असेल तर वेगात धावताना ती जोडलेली ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दोरी लाइफ जॅकेटच्या भक्कम कडीत अडकवावी. खिशाच्या शिवणीत अडकवली तर झटक्याने शिवणच उसवते आणि इंजिन चालू राहतं.