कागदाची उसळी आणि क्विलिंगच्या पहिल्या गुंडाळ्या

चवथीच्या मखरासाठी क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली, नक्षी करायला बसलेल्या गोव्यातील नवशिक्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: गुंडाळी सैल सोडली तरी ती हवी तशी उलगडत नाही, मऊ आणि मरगळलेली राहते. याचे कारण बऱ्याचदा पावसाळ्यातील दमट हवेत सापडते, आणि ते समजून घेतले तर हातातील कला निम्मी सोपी होते.

क्विलिंगसाठी साधारणपणे ३ मिलिमीटर रुंदीची, सुमारे १२० जीएसएम (म्हणजे प्रति चौरस मीटर १२० ग्रॅम वजनाच्या) कागदाची पट्टी घेतात. फट असलेल्या सुईत पट्टीचे टोक अडकवून ती गुंडाळायची आणि शेवट लगेच चिकटवायचा, की घट्ट गुंडाळी तयार होते. तीच शेवट न चिकटवता सुईवरून काढून हवी तेवढी उलगडू दिली आणि मग चिकटवली, तर सैल गुंडाळी मिळते. सैल गुंडाळी एका बाजूने चिमटली की थेंब, समोरासमोर दोन्ही बाजूंनी चिमटली की डोळा. बहुतेक पाने आणि पाकळ्या यांतूनच घडतात.

उलगडण्यामागे कागदाची उसळी, म्हणजे वाकवल्यावर पुन्हा सरळ होण्याची ओढ, असते. ही पट्टी जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीची असते. ती वाकवताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वळण जितके लहान, तितका ताण मोठा. सुईलगत वळणाची त्रिज्या १ मिलिमीटर धरली, तर हिशेबाने हा ताण सात टक्क्यांवर जातो, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वळण कायम राहते. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वेढ्यात मात्र तो दीड टक्काच असतो, त्यामुळे तेथील कागद बराचसा परत उलगडतो. म्हणूनच सैल गुंडाळीचे केंद्र दाट आणि कडा मोकळ्या दिसतात.

कागदातील सेल्युलोजचे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हवेतील बाष्प तंतूंत शिरले की पाण्याचे रेणू या बंधांमध्ये घुसतात, कागद नरम पडतो आणि त्याची उसळी ओसरते. त्यामुळे पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढाव्यात. पांढरा डिंकही पाण्यातलाच असतो. तो सुईच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा, कारण जास्त डिंकाने पट्टी फुगते आणि दमट हवेत तो वाळायलाही वेळ लागतो.

घरीच पट्ट्या कापणाऱ्यांनी तंतूंची दिशा जरूर पाहावी. कारखान्यातील कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने आडवे पडलेले असतात, आणि कागद त्या दिशेला समांतर अक्षावर सहज वळतो. मोठा कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की कोणती बाजू कमी विरोध करते ते कळते. तंतू पट्टीच्या रुंदीच्या दिशेने राहतील असे कापले, तर गुंडाळी एकसारखी फिरते.

नक्षी चिकटवताना पट्टी कडेवर उभीच ठेवावी. ०.१५ मिलिमीटर जाडीची आणि ३ मिलिमीटर उंचीची पट्टी उभ्या दिशेने वाकण्यास आडव्या पट्टीपेक्षा सुमारे चारशे पट अधिक विरोध करते. एवढ्या पातळ कागदाची जाळीदार नक्षी मखरावर ताठ उभी राहते ती या गुणामुळे.