पेल्यातली साखर आणि सवयीची घडण

नेहमीच्या कोला पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दिवसभरात मिळणाऱ्या एकूण ऊर्जेत मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा आणि शक्य झाल्यास तो ५ टक्क्यांच्याही खाली आणावा. रोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे एका डब्यातच कडक मर्यादा ओलांडली जाते आणि सैल मर्यादेचाही मोठा भाग संपतो. मुक्त शर्करेत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, सिरप आणि फळांपासून काढलेला रस यांतील साखरही धरली जाते, याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष नसते. संत्र्याच्या १०० मिलिलिटर रसात आठ-नऊ ग्रॅम, तर तेवढ्याच कोलात साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. रसात जीवनसत्त्वे असतात हे खरे. परंतु साखरेपुरते पाहिले तर दोहोंतला फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. अख्ख्या फळाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यातील साखर पेशींच्या भिंतींआड आणि तंतुमय पदार्थांत अडकलेली असते आणि ते चावून खावे लागते.

पेयातील साखरेकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण केवळ तिचे प्रमाण हे नाही. ती द्रवातून येते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी गोड पेयातून आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच किलोकॅलरी चघळण्याच्या गोड गोळ्यांमधून दिल्या गेल्या. गोळ्या खाण्याच्या काळात या मंडळींचे इतर खाणे आपोआप कमी झाले आणि हिशेब जवळजवळ जुळला. पेयाच्या काळात मात्र इतर खाणे कमी झाले नाही आणि त्यांचे वजन वाढले. प्रयोग लहान होता, परंतु त्यातून दिसलेली दिशा पुढील अनेक अभ्यासांशी जुळते. द्रव जठरातून लवकर पुढे सरकतो, तो चावावा लागत नाही, तोंडातही फार वेळ राहत नाही. त्यामुळे पोट भरल्याचे जे संकेत मेंदूपर्यंत पोहोचायला हवेत ते क्षीण राहतात. शरीर ती ऊर्जा पूर्णपणे शोषून घेते, पण भुकेच्या हिशेबात तिची नोंद नीट होत नाही.

शिवाय ही साखर साधारण निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते. ग्लुकोज रक्तातून सर्व पेशींकडे जाते. फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र यकृताकडे जातो. थोड्या प्रमाणात हळूहळू आलेले फ्रुक्टोज शरीर सहज हाताळते. पण एका घोटामागून दुसरा घोट असे ते एकदम येते तेव्हा यकृतातील त्याचे चयापचय फारशा नियंत्रणाविना वेगाने होते आणि अतिरिक्त भागाचे रूपांतर चरबीत होऊ लागते. दातांचे नुकसान तर दोन बाजूंनी होते. कोलाचा सामू (हा आकडा जितका लहान तितकी आम्लता अधिक) सुमारे २.५ असतो, तर साधारण ५.५ च्या खाली दातांवरील एनॅमल विरघळू लागते. त्यात तोंडातील जीवाणू साखरेपासून आणखी आम्ल तयार करतात. एकच पेय तासभर घोट-घोट घेत राहणे दातांसाठी ते पटकन संपवण्यापेक्षा वाईट ठरते, ते यामुळेच.

अनेक मोठ्या पाहणी-अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला एक-दोन गोड पेये घेणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका, ती क्वचितच घेणाऱ्यांच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी अधिक आढळला. अशा पाहण्यांवर एक रास्त आक्षेप असतो: गोड पेये पिणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. म्हणूनच २०१२ साली नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलिटर पेय दिले गेले. काहींचे साखरेचे, काहींचे बिनसाखरेचे, आणि कोणाला कोणते मिळते हे मुलांना किंवा संशोधकांना ठाऊक नव्हते. वाढत्या वयामुळे दोन्ही गटांतील मुलांचे वजन वाढणारच होते. साखरेच्या गटात ते सरासरी ७.४ किलोने, तर बिनसाखरेच्या गटात ६.४ किलोने वाढले. दिवसाच्या एका पेल्याच्या फरकाने एका किलोचे अंतर पडले.

यावर बहुतेकांच्या मनात येणारे उत्तर असे असते की, पेय घेऊ आणि नंतर व्यायामाने ते भरून काढू. आकडे या उत्तराच्या बाजूने नाहीत. सत्तर किलो वजनाच्या माणसाला डब्यातील सुमारे १४० किलोकॅलरी खर्च करण्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक काळ चालावे लागते, आणि पेय मात्र पाच मिनिटांत संपते. शरीरही साध्या बेरीज-वजाबाकीने चालत नाही. टांझानियातील हाडझा या शिकारी आणि अन्नसंकलक समाजाच्या रोजच्या ऊर्जाखर्चाचे मापन २०१२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दिवसभर भरपूर चालणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेता, बैठ्या पाश्चात्त्य प्रौढांइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर इतरत्र काटकसर करते असा या निष्कर्षाचा एक अर्थ लावला जातो. त्याच्या तपशिलाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही केवळ व्यायामाने होणारी वजनातील घट सहसा माफक असते, एवढे मात्र अनेक प्रयोगांतून दिसले आहे.

मग व्यायाम कशासाठी करायचा? जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. चालक मुळातच स्थूल असतील ही शंका मॉरिस यांनाही आली होती, आणि ती तपासण्यासाठी त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे धुंडाळली. चालकांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली. साथरोगशास्त्राच्या इतिहासातील हा प्रसंग मला नेहमीच लोभस वाटतो. पुढील दशकांत हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचे नाते वारंवार तपासले गेले आणि ते टिकून राहिले. त्यामागील एक यंत्रणा आज चांगली समजली आहे: आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातील ग्लुकोज आत घेऊ शकतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस त्याची इन्शुलिनला मिळणारी दादही वाढलेली राहते. हा परिणाम दोन दिवसांत ओसरत असल्यामुळे आठवड्यातून एकदाच केलेल्या दमछाकीपेक्षा दिवसाआड केलेला मध्यम व्यायाम या बाबतीत अधिक उपयोगी पडतो.

व्यायाम सुरू करणारे अनेक जण त्याच वेळी खेळाडूंसाठीची पेये घेऊ लागतात. या पेयांचा उगम १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात, उन्हात तासन् तास सराव करणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी झाला. अशा दीर्घ, घाम काढणाऱ्या श्रमांत पाणी, क्षार आणि साखर एकत्र मिळणे उपयोगाचे असते. अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर मात्र अर्ध्या लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम साखर असलेले हे पेय घेतले तर नुकतीच खर्च केलेली ऊर्जा तेथेच परत येते. पाणी पुरेसे असते.

हे सारे माहीत असूनही पेय सुटत नाही आणि व्यायाम टिकत नाही. याचा दोष सहसा मनोनिग्रहाच्या अभावाला दिला जातो, आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी दिला जातो. एखादी कृती त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच प्रसंगानंतर पुन्हा पुन्हा केली की तिचे नियंत्रण हेतू ठरवणाऱ्या मज्जाजाळ्यांकडून मेंदूच्या आतल्या भागातील स्ट्रायटम या रचनेच्या बाहेरील बाजूकडे सरकत जाते. त्यानंतर प्रसंग समोर आला की कृती घडते, मग तिचा परिणाम आवडो वा न आवडो. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड, डेव्हिड नील आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांपैकी काहींना ताजे, तर काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले, आणि ते चवीला वाईट असल्याचे त्यांनीच सांगितले. हेच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिले तेव्हा मात्र हे घडले नाही. चित्रपटगृहातही ज्यांना नेहमीचा हात न वापरता दुसऱ्या हाताने खायला सांगितले, त्यांनी शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले.

गोड पेयाच्या बाबतीत पहिला शोध म्हणूनच प्रसंगाचा घ्यावा. दुपारच्या जेवणाबरोबर, कामाच्या मधल्या सुट्टीत, की संध्याकाळी पडद्यासमोर बसल्यावर? तो सापडला की त्या जागी दुसरे पेय ठेवावे आणि पहिले सहज हाती लागणार नाही अशी व्यवस्था करावी. केवळ बंदी घातली तर प्रसंग तसाच राहतो आणि जुनी कृती तेथे वाट पाहत असते. कोला एकदम बंद केल्यावर डोके दुखू लागले, तर ते साखरेअभावी दुखते असा समज होतो. बहुधा कारण कॅफिन असते. एका डब्यात ते तीस-पस्तीस मिलिग्रॅम असते आणि रोज अनेक डबे घेणाऱ्याला ते अचानक थांबल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते व काही दिवस टिकू शकते. प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवले की हा त्रास बराच टळतो.

जिभेचे काय, हा प्रश्न उरतो. चव आणि गंध यांचा अभ्यास करणाऱ्या फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांच्या आहारातील साखर सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली गेली. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा अधिक गोड लागू लागले. गोडाची आवड मात्र बदलली नाही, आणि पूर्वीचा आहार सुरू होताच हा फरकही नाहीसा झाला. म्हणजे जीभ जुळवून घेते, परंतु सावकाश आणि अर्धवट. बिनसाखरेच्या गोडव्याची पेये या मधल्या काळात पायरी म्हणून उपयोगी पडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पर्यायी गोडवे वापरू नयेत अशी सशर्त शिफारस केली आहे, त्यामुळे त्यांना कायमचा मुक्काम मानू नये.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान तीन आठवडे लागतात. सवयींचे प्रत्यक्ष मापन फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक कृती निवडून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ज्या ३९ जणांच्या नोंदी आलेखात नीट बसल्या, त्यांच्यात कृती आपसूक होण्यास लागणारा काळ, आलेख पुढे वाढवून काढलेल्या अंदाजानुसार, १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता आणि त्याचा मध्यक ६६ दिवस होता. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. या एका निरीक्षणावरून मला असे वाटते की दोन्ही बदल एकाच दिवशी आरंभून एकाच मापाने मोजू नयेत. जेवणाबरोबर पाणी घेण्याची सवय रुळलेली असेल तेव्हाही व्यायामासाठी मनाला ढकलावे लागत असेल, आणि तसे होणे स्वाभाविक आहे.

व्यायाम कधी आणि कोठे करणार, हे आधीच नेमके ठरवण्याचा फायदा होतो. ब्रिटनमधील २४८ विद्यार्थ्यांवरील २००२ सालच्या प्रयोगात व्यायामाचे महत्त्व पटवून दिलेल्या गटातील ३५ टक्के विद्यार्थ्यांनी आठवड्यात ठरलेला व्यायाम केला. ज्यांनी त्याशिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहून काढली, त्यांच्यात हे प्रमाण ९१ टक्के होते. नंतरच्या अभ्यासांत परिणाम याहून बराच सौम्य दिसला, तरी तो दिसला. मात्रेबाबत सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम अशी आहे. सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजू नये, ही जुनी अटही त्यात काढून टाकली आहे. आरंभी मात्रा इतकी लहान असावी की थकल्या दिवशीही ती टाळण्याचे कारण उरू नये.

खंड पडणारच. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीवर लक्षणीय परिणाम झाला नाही. शरीराच्या बाजूनेही घाई नसते. दमश्वास मोजण्याइतका उतरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि स्नायूंची ताकद त्याहून अधिक टिकते. अमेरिकेतील व्यायामशाळांच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ वेगवेगळे चार आठवड्यांचे उपक्रम करून पाहिल्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक यश अशा उपक्रमाला मिळाले, ज्यात एक खेप चुकल्यानंतर परत येणाऱ्याला छोटेसे बक्षीस होते. चार आठवडे संपल्यानंतर मात्र केवळ ८ टक्के उपक्रमांचा परिणाम मागे उरला.

सवयींना सर्वांत मोठा धक्का घर, नोकरी किंवा शहर बदलल्यावर बसतो, कारण प्रसंगच बदलतात. वुड आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचा २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच दाखवतो: नव्या ठिकाणची परिस्थिती जुन्यासारखी असेल तेथे व्यायामासारख्या सवयी टिकल्या, वेगळी असेल तेथे त्या पुन्हा इच्छेवर अवलंबून राहिल्या. अशा वेळी गोड पेयाची जुनी सवयही सैल झालेली असते. त्यामुळे नव्या जागेतील पहिल्या काही आठवड्यांतच चालण्याची वेळ आणि वाट ठरवून टाकावी, आणि शीतकपाटात काय ठेवायचे याचा निर्णय पहिल्या खरेदीआधी घ्यावा.