पार्श्वभूमी : ‘मिस’ वॉ आणि बाजू बदलणारी नावं

इंग्रज लेखक एव्हलिन वॉ यांचं कवी-चित्रकार रोझेटीवरचं पुस्तक १९२८ साली आलं, तेव्हा ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने परीक्षणात त्यांना चक्क ‘मिस वॉ’ करून टाकलं. त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं तेही एव्हलिन नावाच्याच मुलीशी. मग मित्रमंडळींत ‘ही-एव्हलिन’ (इंग्रजीतला ‘ही’, म्हणजे नवरा) आणि ‘शी-एव्हलिन’ (बायको) सुरू झालं. परीक्षण लिहिणाऱ्याला फार दोष देता येत नाही, कारण हे नाव तेव्हा दोन्हीकडे चालत होतं.

शर्ली, अ‍ॅश्ली, लेस्ली, बेव्हर्ली ही मुळात ठिकाणांची नावं. त्यांची आडनावं झाली, आणि आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धत इंग्रजीत होतीच. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९च्या ‘शर्ली’ कादंबरीत आईवडिलांनी मुलगा होईल म्हणून नाव ठरवलेलं असतं. होते मुलगी, आणि तेच नाव तिला मिळतं. पुढे १९३०च्या दशकात बालनटी शर्ली टेंपलने उरलासुरला संशयही मिटवला. पंचाईत झाली ती आधी जन्मलेल्यांची. क्रीडापत्रकार शर्ली पोविच हे १९०५चे, पुरुष. पण अमेरिकेतल्या कर्तबगार स्त्रियांच्या ‘हूज हू’ या परिचयकोशात त्यांची नोंद झाली.

ही वाहतूक बहुतेक एकेरीच असते. मुलीला पुरुषी नाव ठेवायला लोक फारसे कचरत नाहीत. पण त्या नावाच्या मुली दिसू लागल्या की मुलग्यांचे आईवडील ते नाव टाकतात. अ‍ॅश्ली हे १९९१ आणि १९९२ साली अमेरिकेत मुलींना सर्वाधिक ठेवलं गेलेलं नाव होतं. त्याआधीच्या अ‍ॅश्ली नावाच्या पुरुषांचं नाव बारशाला बरोबरच होतं, चुकीचं ठरलं ते नंतर.

दुसरा घोटाळा सरहद्दीवर होतो. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांचं नाव आपल्या कानाला मुलीचं वाटतं, कारण आकारान्त नाव म्हणजे बाई हा संस्कृतातून आलेला हिशोब. पण निकिता, आंद्रेआ, निकोला ही ग्रीक पुरुषनामांची रूपं. मूळ नावाच्या शेवटचा ‘स’ गळला आणि मागे स्वर उरला. म्हणून आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई.

शीख नावांत याची सोय आहे: हरप्रीत कुणीही असेल, पुढचं ‘सिंग’ किंवा ‘कौर’ सांगतं. यादीत नुसतं ‘हरप्रीत’ छापलं की ती सोय गेली.

जर्मनीत नावावरून लिंग कळलंच पाहिजे, नाहीतर जोडीला दुसरं नाव द्या, असा जन्मनोंद करणाऱ्या निबंधकांचा आग्रह असे. एका मुलीचं एकच नाव, ‘किरण’, अडवलं गेलं तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ रोजी सांगितलं की कायद्यात अशी अट नाहीच. आइसलँडने नावांची स्त्री-पुरुष वाटणी २०१९च्या कायद्याने काढली.

कायदे सैलावले, फॉर्म मात्र नाही. नावावरून ‘मिस्टर’ की ‘मिस’ हे ठरवणारी सॉफ्टवेअरं त्या नावाच्या लोकांत बहुमत कुणाचं ते बघतात. ती यादी एका देशाची आणि माणूस दुसऱ्या देशाचा, की चूक ठरलेलीच. अमेरिकेच्या ‘सिक्युअर फ्लाइट’ या प्रवासी-तपासणीच्या पद्धतीत विमान कंपनीला प्रवाशाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग तिन्ही कळवावं लागतं. तिकीट दुसऱ्या कुणी काढलं असेल तर स्पेलिंगबरोबर हाही रकाना पासपोर्टशी ताडून घ्यावा. नाव अचूक आणि लिंग उलटं, ही चूक विमानतळावर पोचेपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही.