गोळी तोडण्याआधी आम्हाला विचारा

स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, पीआर किंवा सीआर लिहिलेले असेल, म्हणजे ती औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल, तर ती पाण्याबरोबर अख्खी गिळायची. चावायची नाही, कुटायची नाही. ‘आजींना गिळवत नाही, म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देतो,’ असे आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर नेहमी ऐकू येते. हेतू चांगला, पण गोळीचे निम्मे काम तिथेच वाया जाते.

मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर घ्या. तिच्यात औषधाबरोबर बहुतेक वेळा एचपीएमसी नावाचे पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) असते. ते लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. पोटात पाणी लागले की गोळीचा बाहेरचा थर भिजवलेल्या सब्जासारखा फुगतो. त्यातून औषध हळूहळू झिरपते, वरचा थर झिजतो, त्याखालचा फुगतो, आणि हे कित्येक तास चालते. आमच्या काउंटरवर अशी एक गोळी ग्लासभर पाण्यात टाकून ठेवतो. दोन-तीन तासांनी दाबून पाहा: वरून बुळबुळीत, आत गाभा टणक. कुटलेल्या गोळीत हा थर धरतच नाही. दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. रक्तदाबाच्या औषधात तर हे धोक्याचेच.

पित्ताच्या पँटोप्राझोलचे गणित वेगळे. हे औषध जठरातल्या आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणाऱ्या पॉलिमरचे आवरण असते. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका जास्त, तितके आम्ल कमी) साधारण ५.५ च्या वर मिळाला, म्हणजे गोळी आतड्यात पोचली, की ते विरघळते. ही गोळीसुद्धा तोडायची नाही.

अपवाद आहेत. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्यांमध्ये स्वतंत्र आवरणाचे बारीक दाणे असतात. अशा गोळीवर मधोमध रेघ असेल तर अर्धी करता येते, पण चावायची मात्र नाही. कोणत्या कंपनीची चालते, ते आम्ही स्ट्रिप पाहून सांगू.

शौचात अख्खी गोळी दिसली म्हणून काही जण घाबरून फोन करतात. काही गोळ्यांचे नुसते टरफल तसेच बाहेर पडते. औषध आधीच शोषले गेलेले असते. त्यापायी दुसरी गोळी घेऊ नका.

गिळायला खरोखरच त्रास होत असेल किंवा नाकातून नळी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. बऱ्याच औषधांची साधी गोळी किंवा सिरप मिळते, पण डोस आणि वेळा बदलतात, त्यामुळे बदल डॉक्टरांनीच करायचा. आणि कृपा करून स्ट्रिप कापताना नाव असलेला भाग जपून ठेवा. नुसती पांढरी गोळी पाहून ती कशाची आहे, हे आम्हालाही ओळखता येत नाही.